मास्तरांनी फाडलेला फॉर्म

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मास्तर उठले. भिंतीवरच्या घड्याळामागे खोचून ठेवलेला मुदत ठेवीचा फॉर्म त्यांनी काढला, खिडकीपाशी नेला, एकदा लांब आणि एकदा जवळ धरून पाहिला, आणि मग शांतपणे त्याचे चार तुकडे करून केराच्या डब्यात टाकले. हात धुतले आणि ते आडवे झाले.

"अहो, हे काय केलंत?" बायकोनं विचारलं. "उद्या बँकेत द्यायचा होता ना तो? तीन वर्षांसाठी पैसे पुन्हा ठेवायचे असं ठरलं होतं आपलं."

मास्तरांनी कूस बदलली.

"बाबा, माझं काही चुकलं का भरताना?" लेकीनं विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटले. घरच्यांना यात वावगं काही वाटलं नाही. मास्तर असेच होते. घरात त्यांना काय हवं-नको ते ताटात काय उरलं यावरून ओळखायचं, ही बायकोची पस्तीस वर्षांची विद्या होती. लेकीनंही ती लहानपणीच घेतली होती. जावईबापू मात्र अजून शिकत होते, आणि अर्धवट शिकलेल्या माणसाइतका धोका कशातच नसतो.

मास्तरांचं हे मौन स्वभावाचं कमी आणि धंद्याचं जास्त होतं. देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखाली त्यांचं सलून होतं. एक खुर्ची, एक आरसा, वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाक. सव्वीस वर्षांपूर्वी ती जागा मिळाली तेव्हा बँकेनं त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली होती, की या खोलीत जे कानावर पडेल ते या खोलीतच राहील. मास्तरांनी तो कागद चौकटीत घालून आरशाच्या वर लावला आणि स्वतःपुरता त्याचा अर्थ वाढवून घेतला. ऐकलेलं बोलायचं नाही, त्यापेक्षा काहीच बोलायचं नाही हे सोपं. खुर्चीतल्या माणसाशी ते दोनच वाक्यं बोलत. सुरुवातीला "मान खाली" आणि शेवटी "झालं".

एवढ्या भांडवलावर चार गव्हर्नर त्यांच्या हाताखालून गेले होते. देशातली सगळी कर्जं आणि सगळ्या ठेवी ज्यांच्या एका वाक्यावर वरखाली होतात अशी ही माणसं, एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून मास्तरांच्या पुढ्यात मान खाली घालून बसत. मास्तरांना त्याचा अभिमान होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता, हे ओघानं आलंच.

आता फॉर्म का फाडला, ते वाचकांना सांगायला हरकत नाही, कारण वाचकांनी कुठे सही केलेली नाही.

दोन दिवसांपूर्वी, शुक्रवारी, गव्हर्नरसाहेब केस कापून खुर्चीतून उठले आणि दारातल्या उजेडात आले, तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की साहेबांचा डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली राहिला आहे. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. साहेब "छान" म्हणून निघून गेले. मास्तर खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. डाव्या डोळ्यापुढे कितीतरी महिने वाफ धरल्यासारखं दिसत होतं. ते आरसा पुसत होते, पुन्हा पुसत होते, आणि आरशाला दोष देत होते. शनिवारी ते कुणाला न सांगता डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारची तारीख मिळाली.

शस्त्रक्रियेला पैसे लागणार, तर ठेव तीन वर्षं अडकवून चालणार नव्हतं. म्हणून फॉर्म फाटला. आणि घरात सांगितलं नाही, कारण घरात सांगितलेलं शेजारी जातं. गव्हर्नरच्या गळ्यावर वस्तरा धरणाऱ्या माणसाला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, ही बातमी बँकेत गेली असती तर त्या खुर्चीत कोण बसलं असतं? मास्तरांना दुसरं काही नको होतं. डोळा नीट होईपर्यंत खुर्ची टिकावी, एवढंच.

जावईबापू एका दलाली पेढीत सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री बघायचे. आपण नेमकं काय करतो ते त्यांनी लग्नानंतर लगेचच सासूबाईंना समजावून सांगितलं होतं.

"आई, हे सी-सॉसारखं असतं बघा. व्याजदर वर गेले की आमचे जुने रोखे स्वस्त होतात. व्याजदर खाली आले की रोखे महाग होतात."

"आणि तुम्ही कुठल्या टोकाला बसता?"

"मी मधे उभा राहून बघतो, कुठलं टोक वर जाणार ते."

"मग तुम्ही पडता कसे?" सासूबाईंनी विचारलं होतं. जावईबापू त्या वर्षी दोनदा पडले होते.

या वर्षीही त्यांचं बरं चाललेलं नव्हतं. पेढीच्या मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून, खुर्ची न देता, "या तिमाहीत काहीतरी दाखवा" असं सांगितलं होतं. येत्या गुरुवारी मध्यवर्ती बँकेची व्याजदर समितीची बैठक होती आणि व्याजदर आहे तिथेच राहणार याबद्दल बाजारात एकमत होतं. सगळ्यांचं एकमत असलं की दाखवायला काही उरत नाही. म्हणून जावईबापू रविवारच्या जेवणातही उदास होते.

सासरे झोपल्यावर ते हळूच स्वयंपाकघरात गेले, केराचा डबा ओढला आणि फॉर्मचे चारही तुकडे काढून ओट्यावर जुळवले.

"अरे, काय करतोयस हे?" त्यांच्या बायकोनं, म्हणजे मास्तरांच्या लेकीनं विचारलं.

"बाबांनी ठेव नाकारली."

"नाकारली म्हणजे?"

"विचार कर. माणूस आजच्या व्याजानं पैसे ठेवायला तयार आहे. फॉर्म भरलेला आहे, सही तेवढी राहिली आहे. शुक्रवारी तो कामावर जातो. येतो, आणि रविवारी फॉर्म फाडतो. का?"

"का?"

"कारण पुढच्या आठवड्यात जास्त व्याज मिळणार आहे, हे त्याला कळलंय." जावईबापूंचा आवाज खाली आला. "आणि शुक्रवारी बाबांच्या हातात कुणाचं डोकं होतं?"

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा तुला काही म्हणाले?"

"एक अक्षर नाही. तेच तर! ते काही म्हणाले असते तर मला हे वापरता आलं नसतं. कायद्यानं गुन्हा आहे तो. पण घरातल्या माणसानं घरातला कागद फाडलेला बघणं हा गुन्हा नाही."

"मला वाटतं तू त्यांना सरळ विचारावंस."

"विचारलं तर ते सांगणार आहेत का?"

मास्तरांच्या लेकीनं तुकडे गोळा करून पुन्हा डब्यात टाकले.

सोमवारी सकाळी जावईबापूंनी पेढीचे थोडे रोखे विकले. अगदी थोडे, कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत इतके. पण शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याच्या डोळ्यावर आले. हा चष्मेवाला अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसत होता, त्यांचे सासरे कुणाचे केस कापतात हे त्याला ठाऊक होतं, आणि जावईबापूंनी स्वतःच्या बुद्धीनं काही केल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं.

"का विकलेस?" त्यानं विचारलं.

जावईबापूंनी कळफलकावरची धूळ फुंकली.

"अरे, का विकलेस?"

"सहज."

"सासऱ्यांना भेटला होतास का काल?"

जावईबापू गप्प बसले. सासऱ्यांचं सगळं बघून-बघून ते हे एक शिकले होते, आणि नको तिथे शिकले होते. चष्मेवाल्यानं खुर्ची वळवली आणि आपल्याकडचे सगळे रोखे विकले. मग त्यानं आपल्या मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा दुसऱ्या पेढीत होता आणि त्यालाही एक मित्र होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचे भाव पडून त्यांवरचा परतावा असा काही वर सरकला, की पेढीतले लोक डबे उघडे टाकून पडद्यापुढे उभे राहिले. वाहिन्यांवर अर्थतज्ज्ञ आले. रोखे का पडताहेत हे त्यांना माहीत नव्हतं, पण तसं म्हणायचे त्यांना पैसे मिळत नव्हते. एकानं तेलाच्या किमती सांगितल्या. दुसऱ्यानं दूरच्या कुठल्याशा देशातल्या निवडणुका सांगितल्या. तिसऱ्यानं तक्ता काढून दाखवला, त्यात एक लाल रेघ होती आणि ती वर जात होती. मंगळवारी संध्याकाळपर्यंत, शनिवारी "दर वाढणार नाहीत" म्हणणाऱ्या नऊ जाणकारांपैकी सात जण "आम्ही आधीपासूनच म्हणत होतो" यावर आले. उरलेल्या दोघांपैकी एक परगावी होता.

बुधवारच्या वर्तमानपत्रात पहिल्याच पानावर होतं: 'व्याजदर वाढण्याचे संकेत, गव्हर्नरांच्या निकटच्या वर्तुळातून सूचक हालचाल.'

ते निकटचं वर्तुळ त्या वेळी खुर्चीखालचे केस झाडत होतं.

बाजाराचं असतं तसं असतं, पण गल्लीतही कळायला वेळ लागला नाही. सासूबाईंनी सोमवारी औषधं आणायला गेल्यावर सहज म्हटलं होतं, "आमच्या ह्यांनी ठेव नाही ठेवली हो यंदा. फॉर्मच फाडला." औषधवाल्यानं मान डोलवली, घरी गेला आणि आपला फॉर्म फाडला. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मुदतीआधीच ठेव मोडून पैसे उशीखाली ठेवले. इस्त्रीवाल्यानंही तेच केलं, आणि इस्त्रीवाल्याकडे अख्ख्या गल्लीचे कपडे असतात. बुधवारी सकाळी जवळच्या बँकेच्या शाखेत ठेव ठेवायला एक माणूस आला नाही, काढायला रांग लागली. शेवटी शाखेचे व्यवस्थापक स्वतः मास्तरांच्या घरी आले. त्यांना दारातच बसायला खुर्ची दिली.

"काका," ते काकुळतीनं म्हणाले, "मला वरच्या ऑफिसातून फोनवर फोन येताहेत. तुम्ही फॉर्म का फाडलात, तेवढं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

मास्तर कामावर निघायच्या तयारीत होते. त्यांना हा माणूस धूसर दिसत होता आणि तो काय विचारतोय ते त्याहून धूसर. माझ्या फॉर्मशी याला काय करायचंय? की दवाखान्यातून काही कळलं? त्यांनी नुसतंच व्यवस्थापकांकडे पाहिलं आणि डावा डोळा चोळला.

"समजलो," व्यवस्थापक उठले. जाताना पायरीवर थांबून त्यांनी आपल्या घरी फोन लावलेला सासूबाईंनी ऐकला. "अगं, आपल्या पैशांचं आज काही करू नकोस," ते म्हणत होते.

बुधवारी संध्याकाळी लेकीला राहवेना, ती नवऱ्याला घेऊन माहेरी आली. तिनं वडिलांपुढे वर्तमानपत्र धरलं, मग त्यांना ते दिसत नाहीये असं वाटून स्वतःच वाचून दाखवलं, आणि केराच्या डब्यापासून वर्तमानपत्रापर्यंत जे झालं ते सगळं सांगून टाकलं.

मास्तर ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते उठले. कोपऱ्यात खिळ्याला जुना चामडी पट्टा टांगलेला होता. त्याच्यावर त्यांनी वस्तरा परजायला सुरुवात केली. जावईबापू दाराआडून बघत होते.

"बारा वेळा," ते बायकोच्या कानात म्हणाले. "एरवी आठ वेळा परजतात ना?"

"बाबा चिडलेत."

"किती? पाव टक्का की अर्धा?"

"तुला काही लाज?" बायको कडाडली. तेव्हा कुठे जावईबापूंना कळलं की हा बाजार नाही.

मास्तर खरोखर चिडले होते, पण त्यापेक्षा जास्त घाबरले होते. सव्वीस वर्षं त्यांनी तोंडातून ब्र काढला नव्हता, आणि आता सगळ्या देशाला वाटत होतं की गव्हर्नरच्या पोटातलं त्यांनी बाहेर फोडलं. मी काही फोडलं नाही, असं म्हणायचं तर फॉर्म का फाडला ते सांगायला हवं. ते सांगायचं तर डोळा सांगायला हवा. डोळा सांगितला की खुर्ची गेली, आणि नाही सांगितला तरी खुर्ची गेली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे माणूस एका डोळ्यानं चालतोय. त्या रात्री त्यांच्या ताटात भाजी तशीच राहिली. बायकोनं ती पाहिली आणि तिलाही जेवण गेलं नाही.

एकच आशा होती. गुरुवारी समितीनं दर आहे तिथेच ठेवले की सगळे तोंडावर पडतील आणि मास्तरांना काही ठाऊक नव्हतं हे आपोआप सिद्ध होईल. जन्मात पहिल्यांदाच मास्तर बैठकीच्या निकालाची वाट बघत बसले.

गुरुवारी अकरा वाजता गव्हर्नरसाहेब पडद्यावर आले, चष्मा लावला आणि व्याजदर पाव टक्क्यानं वाढवल्याचं जाहीर केलं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे तर कावळ्याला आपण कुठे बसलोय तेही दिसत नव्हतं. जावईबापूंना पेढीत उभं करून टाळ्या वाजवण्यात आल्या. मोठ्या साहेबांनी या वेळी खुर्ची दिली, आणि 'व्याजदर अंदाज प्रमुख' अशी पाटी असलेलं टेबलही. ते संध्याकाळी केक घेऊन सासरी आले. मास्तरांनी केककडे पाहिलं नाही. त्यांना बँकेच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं दुपारी सलूनमध्ये येऊन एवढंच सांगितलं होतं, "मास्तर, पुढच्या शुक्रवारी साहेब नेहमीप्रमाणे येतील. तेव्हा ते स्वतः तुमच्याशी बोलणार आहेत."

मधला आठवडा कसा गेला हे मास्तरांनाच ठाऊक. बँकेतली माणसं सलूनच्या बाकावर येऊन बसत आणि नेहमीसारखं काहीच बोलत नसत. ती आता त्यांच्या हातांकडे बघत. मास्तरांनी पुढचे केस जरा जास्त कापले की बघणाऱ्याच्या कपाळावर आठी पडे. एका कारकुनानं तर बाहेर जाऊन ते वहीत लिहून घेतलं. पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या खोलीत परकं वाटलं.

शुक्रवारी ठरल्या वेळी गव्हर्नरसाहेब आले. सुरक्षा अधिकारी बाहेर थांबला. साहेब खुर्चीत बसले, मास्तरांनी पांढरं कापड बांधलं, फवाऱ्यानं केस ओले केले. आरशाच्या वरची ती जुनी चौकट दोघांच्याही समोर होती.

"मास्तर," साहेब आरशात बघत म्हणाले, "तुमच्याबद्दल फार बोललं जातंय."

मास्तरांनी कंगवा उचलला. ठेवला. कात्री उचलली. तीही ठेवली. मग दोन्ही हात मोकळे सोडून ते खुर्चीच्या बाजूला, जिथून साहेबांना ते नीट दिसतील असे उभे राहिले.

"साहेब, मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही," ते म्हणाले.

आवाज बरेच दिवस बंद असलेल्या नळासारखा आधी अडखळत आला आणि मग थांबेना. मोतीबिंदू, दवाखाना, शनिवारची तारीख, ठेवीचा फॉर्म, जावई, केराचा डबा, चष्मेवाला, औषधवाला, सगळं त्यांनी सांगितलं. "मी तुमचं एक अक्षर बाहेर नेलं नाही. तुम्ही या खुर्चीत बसून कधी काही बोललाच नाहीत, तर नेणार काय? पण डोळ्याचं लपवलं, हे माझं चुकलं. वस्तरा हातात असताना लपवायला नको होतं. आता तुम्ही सांगाल तर आज संध्याकाळी किल्ली देतो." एवढं बोलून त्यांना दम लागला. ते बाकावर बसले. स्वतःच्या दुकानातल्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते.

साहेबांनी कापडाखालून हात काढून डावा कल्ला चाचपला.

"म्हणजे हे..."

"हो साहेब. बोटभर."

"आमच्या घरात यावरून भांडण झालं. बायको म्हणाली वाकडा आहे. मी म्हणालो, मास्तरांनी केलंय म्हणजे काही विचारानंच केलं असणार." साहेबांनी हात पुन्हा कापडाखाली घेतला. "बरं, मग बाजाराला कसं कळलं, आम्ही दर वाढवणार ते?"

मास्तरांनी मान वर केली. आज बोलायचंच ठरलं होतं, तर एक प्रश्नही विचारून घ्यावा असं त्यांना वाटलं. "तुमचं आधीच ठरलं होतं का साहेब?"

देशाच्या बँकेचे गव्हर्नर आरशात स्वतःकडे बघत राहिले. बाहेर सुरक्षा अधिकारी खाकरला.

"सोमवारपर्यंत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "आम्ही समितीत सहा जण. तिघं एकीकडे, तिघं दुसरीकडे. मी दर आहे तिथेच ठेवा म्हणणाऱ्यांत होतो. मग सोमवारपासून रोखे पडायला लागले. मोठ्या मोठ्या पेढ्या विकत होत्या. मला रात्री झोप येईना. वाटलं, एवढे लोक एवढ्या खात्रीनं विकताहेत, तर त्यांना काहीतरी दिसत असणार. आपल्यालाच दिसत नसेल."

खोलीत फवाऱ्याच्या तोटीतून पाण्याचा थेंब पडला.

"जावयाच्या पेढीतली माणसं तर तुमच्याकडे बघत होती साहेब," मास्तर म्हणाले.

"माझ्याकडे कुठे? तुमच्याकडे," साहेब म्हणाले.

साहेब खुर्चीत सरळ झाले आणि कापड त्यांनी स्वतःच मानेभोवती नीट ओढून घेतलं.

"मास्तर, आत्ता आपण जे बोललो," त्यांनी चौकटीकडे बोट केलं, "ते या खोलीतच राहील ना?"

सव्वीस वर्षांत मास्तरांना हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. मास्तर उठले. बोलायचं सगळं संपलं होतं. त्यांनी वस्तरा पेटीत ठेवून कुलूप लावलं, दिवा खुर्चीच्या उजव्या बाजूला ओढला, कात्री आणि कंगवा घेतला, आणि चांगल्या डोळ्याच्या बाजूनं सुरुवात केली.

"मान खाली," ते म्हणाले.

गव्हर्नरसाहेबांनी मान खाली घातली.

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी घरी सांगावं लागलं आणि सगळं उघड झालं. बायको आधी रडली, मग भांडली, आणि मग दर दोन तासांनी डोळ्यात औषधाचे थेंब घालू लागली. लेक वडिलांच्या पायाशी बसून राहिली. जावईबापूंनी फॉर्म फाडण्याचं खरं कारण ऐकलं, तेव्हा ते भिंतीला टेकले. त्यांच्या नव्या टेबलावरची पाटी, त्यांच्यासाठी वाजलेल्या टाळ्या आणि वाढलेला पगार हे सगळं एका मोतीबिंदूवर उभं होतं. हे पेढीत सांगावं की नाही याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी गप्प राहायचं ठरवलं, आणि पेढीत लोक म्हणू लागले की माणूस फार खोल आहे.

तीन आठवड्यांनी पुन्हा रविवार आला. मास्तरांच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली होती आणि त्यांना घरातली कोळिष्टकंसुद्धा दिसायला लागली होती, त्यामुळे बायको जरा धास्तावलेली होती. खुर्ची शाबूत होती. सोमवारपासून कामावर या, असा साहेबांचा निरोप होता. दवाखान्याचा खर्च जाऊन उरलेल्या पैशांसाठी लेकीनं नवा फॉर्म भरून घड्याळामागे खोचून ठेवला होता. व्याज आता पाव टक्का जास्त होतं.

जेवता जेवता मास्तर उठून हात धुऊन आले. त्यांनी फॉर्म काढला, हातभर अंतरावर धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, खिशातलं पेन काढलं आणि तीन वर्षांच्या रकान्यासमोर ठसठशीत सही केली. मग येऊन पुन्हा ताटावर बसले.

जावईबापूंचा घास हातातच राहिला. त्यांची नजर फॉर्मवर गेली, फॉर्मवरून सासऱ्यांवर, सासऱ्यांवरून पुन्हा फॉर्मवर. तीन वर्षांसाठी. आज. म्हणजे व्याज यापुढे वाढणार नाही? सोमवारी बाजार उघडायला अजून वीस तास होते. त्यांचा डावा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला.

"अरे, नको," बायको पुटपुटली.

मास्तरांनी आता दोन्ही डोळ्यांनी जावयाकडे पाहिलं. मग हात पुढे केला, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवतात तशी दोन बोटं त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि ते डोकं फॉर्मकडून अलगद ताटाकडे वळवलं.

"मान खाली," ते म्हणाले.

आणि जावईबापू निमूट जेवायला लागले.